राकट चेहऱ्याचं काय करायचं? सिंदेवाहीकडच्या एका मुलाच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय २४, सिंदेवाही तालुक्यातलं गाव, घरी तीन एकर धान, झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या रात्रभर चालणाऱ्या नाटकांत, तीन सीझनपासून व्हिलनची कामं. उंची चांगली, रंग काळा, गालावर मुरुमांचे खड्डे, भुवईवर लहानपणच्या जखमेचा व्रण. गावातले म्हणतात, चेहरा पिक्चरचा आहे, पण व्हिलनचा. नागपूरचा एक माणूस साठ हजारांत पोर्टफोलिओ करून सिरीयलमध्ये लावून देतो म्हणतो. बाबा म्हणतात, पोलीस भरती दे. हा मुलगा मोबाईलवर हॉलीवूडच्या चार्ल्स ब्रॉन्सनचे जुने पिक्चर पाहतो आणि विचारतो, हा हिरो होऊ शकतो तर मी काहून नाही? मुंबईला जाऊ का? गालाची ट्रीटमेंट करून घेऊ का?

भाऊ, मी वडशाच्या बाजूचा, झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांच्या गावाजवळचा. सुरुवात झाडीपट्टीतच, तीही व्हिलनचीच. पुढे मुंबईत हिंदी-मराठी मालिका, काही चित्रपट, जाहिरातीत एक-दोनदा ट्रक ड्रायव्हर. इन्स्पेक्टर, सावकाराचा माणूस, खंडणीवाला, सरपंचाचा भाऊ, पुन्हा इन्स्पेक्टर. आता निम्मा वेळ गावी असतो. तू माझ्या मुलाच्या वयाचा, म्हणून अरे-तुरेच करतो.

तू विचारतोस, माझा चेहरा चालेल का. त्याचं उत्तर सोपं आहे: चालेल. राकट चेहऱ्याला काम असतंच, कारण प्रत्येक गोष्टीत कुणाला तरी कुणाची तरी भीती वाटावी लागते. पण तुझी खरी अडचण दुसरी आहे आणि ती तुला अजून दिसलेली नाही. अशा चेहऱ्याला पहिलं काम लवकर मिळतं, दुसरंही तसंच मिळतं, आणि दहावंही तेच असतं. देखण्या मुलाला दारात अडवतात. तुला आत घेतील, पण दाराजवळच उभा ठेवतील, हातात काठी देऊन. तिथून खोलीच्या मधोमध कसं यायचं, हा तुझा प्रश्न आहे. शिवाय असा चेहरा पिकायला वेळ घेतो. पंचविशीत तू ‘गुंड नंबर तीन’ दिसशील, पंचेचाळिशीत त्याच चेहऱ्यावर एक माणूस दिसेल. मधल्या वीस वर्षांत जेवायचं काय, हाही प्रश्नाचाच भाग.

ब्रॉन्सनचं नाव तूच काढलंस, तर त्याच्याकडेच बघू. १९२१ चा जन्म, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या कोळसा पट्ट्यातला. मूळ लिथुआनियाचं कुटुंब, भावंडं पंधरा, बाप खाणीत, आणि बाप गेल्यावर पोरगाही खाणीत. आपल्या घुग्घुस-माजरीच्या पोराला हे वेगळं सांगायला नको. महायुद्धात विमानातला तोफची होता. नंतर नाटकाचं रीतसर शिक्षण घेतलं, हे लोक विसरतात. पडद्यावर पहिली काही वर्षं बुचिन्स्की या घरच्या आडनावानेच लहान-लहान कामं केली. १९५३ च्या ‘हाऊस ऑफ वॅक्स’मध्ये तो मुक्या मदतनिसाच्या कामात आहे, वाक्य एकही नाही. मग टीव्ही: कुठे पाहुणा म्हणून एखादा भाग, आणि १९५८ पासून ‘मॅन विथ अ कॅमेरा’ या मालिकेत मुख्य काम. १९६० मध्ये ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’, तेही सातांपैकी एक. अमेरिकेआधी त्याला युरोपने डोक्यावर घेतलं. ‘डेथ विश’ने घरच्या मैदानात मोठा स्टार केला तेव्हा साल होतं १९७४ आणि तो बावन्न वर्षांचा होता.

तू मोबाईलवर पाहतोस तो बावन्न वर्षांचा माणूस आहे. चोविसाव्या वर्षी त्याच्याकडे यातलं काही नव्हतं, चेहरा सोडून. मधली वर्षं टीव्हीने आणि लहान कामांनी भरली. टीव्हीला हसू नकोस. अशा चेहऱ्यांचं घर बऱ्याचदा टीव्हीच चालवतो.

आणखी एक गोष्ट बघ. त्याच्या पिक्चरमध्ये तो करतो किती कमी! समोरचा माणूस बोलत असतो, हा ऐकत असतो, आणि आपण ह्याच्याकडे बघत असतो. चेहरा इतका बोलका की त्याने वर अभिनय घातला असता तर गर्दी झाली असती. हे त्याला उपजत होतं की खाणीतल्या कमी बोलणाऱ्या माणसांत वाढल्याने आलं, मला ठाऊक नाही. पण राकट चेहऱ्याच्या माणसाने शिकायची पहिली गोष्ट हीच, आणि झाडीपट्टी आपल्याला नेमकं याच्या उलट शिकवते. त्याकडे पुढे येतो.

आधी आपल्याकडची माणसं घे. निळू फुले पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करायचे, सेवादलाच्या कलापथकातून आणि लोकनाट्यातून आले. १९६८ च्या ‘एक गाव बारा भानगडी’पासून पडद्यावर दिसू लागले, आणि पुढे खेड्यापाड्यातल्या बाया त्यांना खरंच घाबरायच्या. आता आठव, ते कधी ओरडतात का? आवाज खाली, शब्द ओढलेले, नजर अर्धी मिटलेली. ‘सामना’तला साखरसम्राट भीती घालतो ती घरच्या माणसासारखं बोलून. ओम पुरीच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण होते. १९८३ साली ‘अर्धसत्य’मधला पोलीस केला, राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि त्याच वर्षी ‘जाने भी दो यारो’मध्ये दारू पिऊन झिंगलेला बिल्डर करून लोकांना लोळवलं. पुढे १९८८ मध्ये दूरदर्शनवर एकीकडे फाळणीवरचं ‘तमस’ आणि दुसरीकडे विनोदी ‘कक्काजी कहिन’. ‘अर्धसत्य’मध्येच नगरचे सदाशिव अमरापूरकर रामा शेट्टी झाले, एवढा मोठा गुंड, पण आवाज चढत नाही. सयाजी शिंदे साताऱ्याकडचे, पाटबंधारे खात्यात वॉचमन होते. १९९९ च्या ‘शूल’मध्ये बिहारचा गुंड पुढारी, आणि लगेच २००० मध्ये तमिळ चित्रपटात कवी सुब्रमण्य भारती! गुंडाच्या चेहऱ्यात कवी बघणारा दिग्दर्शक भेटायला नशीब लागतं, पण तो कवी दाखवता येण्याची तयारी आधीपासून असावी लागते.

मला या सगळ्यांत एक धागा दिसतो. चेहऱ्याने काम मिळवून दिलं. टिकवलं ते चेहऱ्याशी न जुळणाऱ्या एखाद्या गोष्टीने. कुणाचा आवाज, कुणाचा विनोद, कुणाची माया. अमरीश पुरींचं नाव घेतलं तर एक वेगळाच धडा मिळतो: तरुणपणी हिरोच्या स्क्रीन टेस्टमध्ये नापास, मग कर्मचारी राज्य विमा महामंडळात बरीच वर्षं नोकरी, सोबत मुंबईच्या रंगभूमीवर नेमाने नाटकं, आणि नाव झालं चाळिशी उलटल्यावर. १९८७ मध्ये ‘मिस्टर इंडिया’ आला तेव्हा ते चोपन्न वर्षांचे होते. नोकरीची गोष्ट लक्षात ठेव, शेवटी लागेल.

आता मालिकेत तुझ्यासारख्याला का घेतात आणि चार दिवसांत का काढतात, हे समजून घे. त्यात अपमान वाटून घेण्यासारखं काही नाही. रोजची मालिका म्हणजे रोज एक भाग संपवायचा. लिहिणारा रात्री लिहितो, सकाळी पानं सेटवर येतात, संध्याकाळपर्यंत शूट. नायिकेच्या घरी गुंड आले हे बघणाऱ्या बाईला भाजी चिरता चिरता कळलं पाहिजे, त्यासाठी दोन वाक्यंही खर्च करायला वेळ नसतो. म्हणून असा चेहरा घ्यायचा की दार उघडताच कळावं. तू तिथे माहिती म्हणून जातोस. माहिती पोचली, नायकाने तुला मारलं, तुझं काम संपलं. आमच्या धंद्याच्या भाषेत याला ट्रॅक म्हणतात: गुंडाचा ट्रॅक चार दिवसांचा.

हा ट्रॅक लांबतो कधी? लेखकाला तुझ्यात आणखी काहीतरी दिसलं तर. त्यांनाही रोज नवं काही हवंच असतं. सेटवरून कळलं की ‘तो काळा माणूस बरा आहे’, तर पुढच्या आठवड्यात तुला एक बहीण मिळते किंवा तू नायकाच्या बाजूला येतोस. मला एकदा सावकाराच्या माणसाचं काम होतं. शेतकऱ्याच्या गोठ्यातून बैल सोडून न्यायचा, दोन वाक्यं दमदाटीची, बाहेर. तालमीत मी आत गेलो आणि सवयीने आधी बैलाच्या तोंडात हात घालून दात पाहिले. आपण बाजारात जे करतो तेच. मग त्याच्या पाठीवर हात फिरवला आणि तेवढ्याच मऊ आवाजात शेतकऱ्याला दम दिला. दिग्दर्शक पुण्याचा होता, त्याने हे कधी पाहिलं नव्हतं. त्याने ते ठेवलं, कॅमेरा बैलाच्या बाजूने लावला, आणि तो माणूस मालिकेत पुढे महिनोन्‌महिने राहिला, कारण लेखकाला आता कळलं होतं की याला माणसांपेक्षा जनावरं आवडतात. मी काही डोकं चालवून केलं नव्हतं. पण तेव्हापासून प्रत्येक कामात मी स्वतःला विचारतो, हा माणूस दम देत नसतो तेव्हा दिवसभर करतो काय? तुझ्याकडे तीन एकर धान आहे. रोवणीच्या, म्हणजे धानाची रोपं लावणाऱ्या, बायांशी मजुरी ठरवणारा, राइस मिलवर काट्याकडे संशयाने बघणारा, वाघाच्या भीतीने सांजच्याला घाईने घरी निघणारा माणूस तू पाहिलेला आहेस. मुंबईतल्या जिमवाल्या पोरांकडे हे नाही.

आता झाडीपट्टी. तू तीन सीझन केलेस म्हणजे भाऊबीजेपासून होळीच्या पलीकडेपर्यंत गावोगाव, शंकरपट (बैलांच्या शर्यती) आणि मंडईच्या (गावच्या जत्रेच्या) तारखा, रात्री दहा वाजता पडदा उघडणार आणि पहाटे पाचला संपणार. हजारोंचं पब्लिक, थंडीत शाली-चादरी गुंडाळून बसलेलं, मध्येच लावणीची फर्माईश. यातून जी शिदोरी मिळते ती कोणतीही संस्था देत नाही. पाठांतर पक्कं होतं. झोप नसताना, काल जेवलो का हे आठवत नसताना, सूर लागतो. समोरचा चुकला तर सांभाळता येतं. पब्लिकचं लक्ष कुठे सुटलं हे पाठीला कळतं. बारा तासांच्या शिफ्टमध्ये तू कधीच थकलेला दिसणार नाहीस, आणि सेटवर याला फार किंमत आहे.

पण काही सवयी सोडाव्या लागतात. आपण वर टांगलेल्या माइकखाली जाऊन वाक्य टाकतो. मग प्रत्येक वाक्याआधी एक पाऊल पुढे येतं. कॅमेऱ्यासमोर ते पाऊल फ्रेमच्या किंवा फोकसच्या बाहेर नेतं. आपण शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यासाठी डोळे मोठे करतो; क्लोजअपमध्ये तेच डोळे वेड्याचे वाटतात. टाळीसाठी थांबतो, सेटवर टाळी नसते, त्या रिकाम्या जागेत नट उघडा पडतो. व्हिलनचं हसू तर तिथेच वडशाला ठेवून जा. आणि संवाद समोरच्या नटाला म्हणायची सवय लाव. आपल्याकडे तो पब्लिकला म्हटला जातो, कितीही नाही म्हटलं तरी.

सराव सांगतो, फुकटचा आहे. तुझ्या नाटकातला सगळ्यात दमदार धमकीचा संवाद घे. मोबाईल डोळ्यांच्या उंचीला ठेव, फ्रेममध्ये फक्त चेहरा आणि खांदे. तोच संवाद घरी आलेल्या पाहुण्याला ‘जेवून जा’ म्हणतोस त्या आवाजात म्हण. भुवया हलू द्यायच्या नाहीत. मग तोच संवाद सुटे पैसे मोजत मोजत म्हण, पैसे खरंच मोजायचे, चुकले तर पुन्हा. मग एकदा काहीच न बोलता, दुसऱ्या कुणाला समोर बसवून त्याचं ऐक. त्याने घरची खरी अडचण सांगावी, तू फक्त ऐकायचं. तिन्ही रेकॉर्डिंग आठ दिवसांनी बघ, लगेच नको. तिसरं सगळ्यात चांगलं निघालं तर तुझ्यात कॅमेऱ्याचं काहीतरी आहे. माझ्याकडे येणाऱ्या पोरांना मी हेच करायला लावतो, आणि बहुतेकांना तिसरं जमत नाही. ऐकताना ते ‘ऐकण्याचा अभिनय’ करतात: मान हलते, ओठ दाबले जातात.

गालाची ट्रीटमेंट? कामासाठी म्हणत असशील तर नको. खड्डे आणि भुवईवरचा व्रण ही तुझी ओळख आहे. शंभर फोटोंत कास्टिंगवाला तेवढ्यावरच थांबेल. दुखत असेल, पिकत असेल तर त्वचेच्या डॉक्टरला दाखव, ती तब्येतीची गोष्ट झाली. आणि क्रीम लावून गोरा व्हायच्या नादी तर अजिबात लागू नकोस. त्यातल्या काही मलमांनी चेहरे कायमचे बिघडलेले मी मेकअप रूममध्ये पाहिले आहेत. दाढी ठेव, पण क्लीन शेव्हचे फोटोही काढून ठेव, कारण पोलिसाच्या कामाला दाढी चालत नाही. जिम करायची तर कर, पण दंड फुगवून शर्ट फाटेल इतकी नको. शेतकऱ्याचे खांदे वेगळे दिसतात, ते जाऊ देऊ नकोस. हात लपवू नकोस. हातांचा क्लोजअप हा राकट नटाचा दुसरा चेहरा असतो.

फोटोला साठ हजार लागत नाहीत. सकाळच्या उजेडात, साध्या भिंतीसमोर, फिल्टर न लावता: समोरून, डावीकडून, उजवीकडून, पूर्ण उभा. सोबत ओळखीचा व्हिडिओ: मोबाईल आडवा धरून नाव, वय, उंची, कुठे राहतो, कोणत्या भाषा येतात, आणि दोन्ही बाजूंनी चेहरा. ऑडिशनच्या व्हिडिओत लेन्समध्ये बघायचं नाही, लेन्सच्या शेजारी उभ्या माणसाकडे बघायचं. गावात कोंबडा ओरडतो, ट्रॅक्टर जातो. आवाज स्वच्छ हवा, म्हणून रात्री रेकॉर्ड कर. आता पहिली फेरी बहुतेक ठिकाणी अशा व्हिडिओवरच होते. ही तुझ्यासाठी मोठी सोय आहे: दाराशी उभं राहायला आता मुंबईला जावं लागत नाही, बोलावलं की जायचं.

म्हणून ‘मुंबईला जाऊ का’ या प्रश्नाला माझं उत्तर ‘परिस्थितीवर’ असं आहे, आणि हे टाळणं नाही. घरी कर्ज आहे का? बहिणीचं लग्न व्हायचंय का? बाबांच्या मागे शेती बघणारं दुसरं कुणी आहे का? हिंदी कितपत? आपल्या बाजूला छत्तीसगडमुळे हिंदी कानावर असते, पण बोलायला लागलं की झाडीचा हेल येतो. हेल ठेव, तो कधीतरी कामाला येईल. वऱ्हाडी बोलीने भारत गणेशपुरेंना घरोघरी ओळख दिलीच की. पण हेल नसलेली हिंदीही तयार हवी, आणि प्रमाण मराठीही. तेलंगणाच्या सीमेवरच्या सिरोंच्याकडचं कुणी ओळखीचं असेल तर तेलुगू शिक. दक्षिणेकडच्या चित्रपटांना राकट माणसं सतत लागतात, सयाजी शिंद्यांची निम्मी कारकीर्द तिकडची आहे.

घरी बरं असेल तरी मी तुला गाव सोडून जा म्हणणार नाही. आपलं वर्ष बघ. होळीनंतर सीझन संपतो आणि रोवणी लागते पावसाळ्यात. हे मधले तीन महिने तुझे. रोवणी संपल्यापासून दिवाळीपर्यंत पुन्हा थोडे दिवस मिळतात. या दोन खिडक्यांत मुंबईला जा, ओळखीच्या पोरांच्या खोलीत राहा, ऑडिशन दे, एक-एक दिवसाची कामं कर, आणि धान कापणीला परत ये. सीझनमध्ये नाईटचे पैसे हातात येतात. ते सोडून मुंबईत बसणं पहिल्या वर्षांत परवडत नाही. तिथे एका दिवसाच्या कामाचे पैसे बहुतेक तीन महिन्यांनी जमा होतात, त्यातून कोऑर्डिनेटरचं, म्हणजे काम जोडून देणाऱ्या मध्यस्थाचं, कमिशन जातं. किती टक्के, ते काम घेण्याआधी विचार, नंतर नाही. खोलीचं भाडं मात्र दर महिन्याला द्यावं लागतं. माझ्यासोबत आलेली जी पोरं परत गेली, ती अभिनय येत नव्हता म्हणून गेली नाहीत. हे तीन महिने त्यांना ओलांडता आले नाहीत.

गर्दीतल्या ज्युनियर आर्टिस्टचं काम करावं का? सेट कसा चालतो हे बघायला थोडे दिवस कर. त्यातच राहिलास तर ओळख गर्दीतलीच होते, आणि तिथून वाक्याच्या कामाला यायला त्रास पडतो. वाक्य नसलेलं पण नाव असलेलं काम मिळालं तर मात्र धावत जा. ब्रॉन्सनचा मुका मदतनीस आठव.

शिक्षणाचं म्हणशील तर पदवी पूर्ण आहे का, ते तू लिहिलं नाहीस. असेल तर दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा विचार कर. तीन वर्षांचा अभ्यासक्रम, नाटकांचा अनुभव लागतो आणि तो तुझ्याकडे भरपूर आहे. पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट आहे, मुंबई विद्यापीठाची थिएटर अकादमी आहे, छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग आहे. गावच्या पोरांना शेवटचा मानवतो असा माझा अनुभव. हे काहीच जमणार नसेल तर राज्य हौशी नाट्य स्पर्धेत चंद्रपूर किंवा नागपूर केंद्रावर एखाद्या चांगल्या संघात शिर. तिथे कमी आवाजाची, बंद खोलीतली नाटकं करायला मिळतील, आणि झाडीपट्टीची धार थोडी बोथट करून घ्यायला तेच पाहिजे.

आणि मुंबईशिवाय काही होतच नाही, असं धरून चालू नकोस. गडचिरोलीचे परशुराम खुणे आयुष्यभर झाडीपट्टीतच राहिले, शेती केली, लोकांना हसवलं, आणि २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. नागपूरचे वीरा साथीदार तर व्यवसायाने नटही नव्हते; चळवळीतला माणूस, लिहिणारा. ‘कोर्ट’मध्ये लोकशाहीर नारायण कांबळे झाले आणि त्या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते रस्त्यावरून आलेलं होतं. २०२१ मध्ये कोरोनाने ते गेले. ‘झुंड’साठी नागराज मंजुळेंनी नागपूरच्या वस्त्यांतली पोरं घेतली. हल्ली दिग्दर्शक खरे चेहरे शोधत इकडे येतात. आले तेव्हा तू गावात असणंही कधीकधी उपयोगाचं.

एवढ्या लांबणीत हरवला असशील तर थोडक्यात: चेहऱ्याला हात लावू नको, आवाज आणि भुवया खाली आण, गुंडात माणूस शोध, आणि सीझन न सोडता वर्षातून दोनदा मुंबई.

राहिले दोन जण, नागपूरचा माणूस आणि तुझे बाबा.

नागपूरच्या माणसाला पैसे देऊ नकोस. काम देणारा कधी पैसे मागत नाही; कास्टिंगवाल्याला पैसे निर्मात्याकडून मिळतात. फोटोग्राफर फोटोचे घेईल, ते ठीक आहे, पण ‘सिरीयलमध्ये लावून देतो’ असं म्हणून जो घेतो तो फोटोचे घेत नाही, तुझ्या आशेचे घेतो. त्याला एकच विचार: कोणती मालिका, कोणती निर्मिती संस्था, कोणतं काम, आणि त्यांच्या ऑफिसचं पत्र दाखव. पुन्हा फोन येणार नाही. आधीच काही दिलं असशील तर व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं पुसू नकोस, पावती असेल तर जपून ठेव आणि तक्रार कर. लाज वाटून गप्प बसतात म्हणूनच हे लोक दर वर्षी नवीन ऑफिस उघडतात.

आणि पोलीस भरतीचा फॉर्म भर. बाबांचं मन राखायला म्हणून नाही. वयाची अट आहे, ती तुझ्यासाठी थांबणार नाही, चेहरा थांबेल. धावण्याचा सराव कोणत्याही नटाला लागतोच. झालास भरती, तर नोकरीत राहून बाहेरचं काम करायला परवानगी लागते आणि ती सहज मिळत नाही, हे आधीच समजून घे. तेव्हा नाटकाचे सीझन सुटतील, हा मोठा तोटा आहे आणि तो मी लपवणार नाही. नाही झालास, तर वर सांगितलेला रस्ता आहेच. मात्र बाबांना ‘मी हिरो व्हायला जातो’ असं सांगू नकोस. आकडा सांग: यंदाच्या सीझनचे इतके रुपये घरी दिले, होळीनंतर तीन महिने जातो, खर्चाला इतके लागतील, रोवणीला परत येतो. धान पिकवणारा माणूस आहे. पेरल्यापासून विकेपर्यंतचा हिशोब त्याला तुझ्यापेक्षा जास्त समजतो. ते तीन रेकॉर्डिंग झाले की तिसरं मला पाठव, बाकीचे दोन नको.